तिसरं वाक्य

उज्जैन
९ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना रमेशचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. दिवाळीतच लिहायला घेतलं होतं, लिहून फाडलं. तुम्ही फोन उचलत नाही. म्हणजे उचलता येत नसेल, वहिनी अंथरुणाला खिळल्यापासून सगळं तुम्हीच बघता, हे मी जाणतो. देवास इथून तासाभरावर आणि मी टपालाने लिहितोय, म्हणून पोस्टातला बाबूसुद्धा हसला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सूनबाईंच्या हाती पडू नये म्हणून पाकिटावर 'खाजगी' लिहिलंय. आता वाटतं, त्यामुळेच त्या आधी उघडतील.

इथे थंडी आहे. माझं बीपी वरखाली होतं. सुलूचं सांगतो, पण आधी इशिताचं सांगतो.

नात आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकते. तिच्या युनिव्हर्सिटीत मुलांसाठी एक वर्कशॉप उघडलंय, मेकरस्पेस म्हणतात. कुणीही जावं, हवं ते बनवावं. ती मला बघायला घेऊन गेली होती. मी जन्म मिलच्या फिटिंग खात्यात काढला, पण असलं काही पाहिलं नव्हतं. एक मशीन प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवतं आणि वस्तू उभी करतं. दुसरं नुसत्या उजेडाने प्लायवूड कापतं, जळक्या लाकडाचा वास सुटतो. सोल्डरिंगची टेबलं, कोपऱ्यात शिलाई मशीनसुद्धा. भिंतीवर प्रत्येक हत्यारामागे त्याच आकाराचा काळा रंग दिलेला. तिथले सर म्हणाले, "अंकल, काला दिखे तो समझो कोई ले गया है, अभी लौटा नहीं।" मला ते फार आवडलं. आमच्या मिलमध्ये पाने चोरीला जायचे आणि महिनोन्महिने पत्ता लागायचा नाही.

आता सुलूचं. उन्हाळ्यात ती कुणाला न सांगता देवास गेटवरून बस धरून माहेरी, तुमच्याकडे यायची आणि तुम्ही तिला परतीच्या बसमध्ये बसवून द्यायचात. शेवटच्या खेपेनंतरचं तुम्हाला कळवलं नाही. ती पुन्हा निघाली, चुकीच्या गाडीत बसली आणि भैरवगढला उतरली. छापलेल्या चादरी वाळत घालतात तिथे सापडली, पायात चप्पल नाही, तळव्यांना फोड. चादरवाल्यांना विचारत होती, "अण्णाचं घर कुठलं?" सगळे म्हणाले, कुलूप लावा. लावलं. तिने दारावर डोकं आपटून घेतलं.

तेव्हा इशिता म्हणाली, "आजोबा, कुलूप नको. टेन्शन नका घेऊ, मी बनवते काहीतरी."

तिने त्या मशीनवर हिरवी बांगडी बनवली, अगदी काचेची वाटावी अशी. मनगटाचं माप घेताना सुलूने विचारलं, "लग्न कुणाचं गं?" पोरगी म्हणाली, "तुझंच, आजी. आजोबा परत विचारतायत." सुलू लाजली हो, अण्णा. बांगडीच्या आत चिप आहे. दाराशी प्लायवूडची पेटी. बांगडी दारापाशी आली की पेटी बोलते.

आधी माझा आवाज भरला होता. सुलू पेटीला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा हो," आणि चालू पडली. मग ती ऐकणार कुणाचं? जन्मभर तिने एका तुमचंच ऐकलं.

रागावू नका. तिच्यासाठी तुम्ही माझ्या मोबाईलवर आवाजाचा निरोप पाठवला होता, तो मी पुसला नव्हता. त्यातली पहिली दोन वाक्यं इशिताने घेतली. "सुले, घरात जा. पुन्हा इकडे यायचं नाही." तिसरं तिने कापलं. पेटी तिथेच तपासत असल्यामुळे वर्कशॉपमधल्या पोरांना ती दोन पाठ झाली. कुणी चहाला निघालं की बाकीचे ओरडतात, "सुले, घरात जा!" मीही हसलो.

युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर दाखवायचं होतं, म्हणून सुलूला चांगलं लुगडं नेसवून नेलं. वर्कशॉपमध्ये खोटं दार उभं केलं होतं. ती जवळ गेली, तुमचा आवाज आला, आणि तिचा चेहरा असा उजळला! "अण्णा! आले रे, आले!" म्हणत ती सरळ दारातून पलीकडे गेली आणि पेटीमागे हात घालून तुम्हाला शोधू लागली. एक परीक्षक हसला. जेवणानंतर पुन्हा दाखवा म्हणाले. इशिता शिलाई मशीनच्या आडोशाला जाऊन रडत होती. "आजोबा, मी फेल."

मी म्हटलं, "तिसरं पण लाव."

ती म्हणाली, "नको ना, आजोबा."

"लाव. परीक्षक हिंदीवाले आहेत, त्यांना काय कळतंय?"

तिने लावलं. तुम्हाला तुमचं वाक्य आठवत नसेल तर लिहितो. "इथं तुझं कुणी नाही."

सुलू थांबली. पेटीकडे बघत राहिली. मग पदर सारखा केला आणि माघारी वळली. टाळ्या वाजल्या, अण्णा. इशिताचा पहिला नंबर आला. पेपरात फोटो आलाय, मध्ये सुलू, तिचा बांगडीचा हात सरांनी उचलून धरलेला.

ऑटोत ती मला म्हणाली, "अहो, आपण चुकीच्या घरी गेलो होतो वाटतं."

त्यानंतर ती दारापाशी गेलेली नाही. स्वयंपाकघरात जायचं तर दारावरून जावं लागतं, म्हणून तिथेही जात नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. भरवलं तर दोन घास, कालपासून तेही नाही. पेटीची वायर मी त्याच संध्याकाळी उपटली, पण तिला ते कोण समजावणार? तुमच्यासारखा आवाज काढून हाक मारून पाहिली. म्हणाली, "हे तुम्ही आहात." शेजारच्या विजयाबाई विचारून गेल्या, आमच्या सासूबाईंसाठी अशी एक बनेल का? इशिता आता त्या वर्कशॉपला जात नाही आणि माझ्याशी बोलत नाही.

वाक्य तुमचं होतं, लावलं मी. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. वहिनींना सोडून कसे याल? तुमच्या श्रीनाथला सांगा, त्याच्या मोबाईलवर तुमचा आवाज भरून पाठवू दे. "सुलू, ये," एवढंच म्हणा. घाबरू नका, ती येणार नाही. तेवढं यंत्र चांगलं झालंय. पण लवकर पाठवा, अण्णा. पत्र वाचून खाली ठेवायच्या आत पाठवा.

तुमच्या बहिणीचा नवरा,
रमेश