सहाशे चाळीस पावले

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

आज दुपारी साडेतीनला शेतावर पोचलो. हुबळीहून नवलगुंदच्या बसने पन्नास मिनिटे लागली. नव्या कामाला नवी वही हवी, म्हणून ही काल हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात घेतली. माझी शाळा नववीत सुटली, पण दाजीबानपेठेतल्या कापडदुकानात मी चार वर्षे गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात एकही वेलांटी चुकली नाही. ते पाहूनच गुरुराज वकिलांनी मला इथे नेमले.

अठ्ठावीस एकर, एकाच तुकड्यात. सगळी काळी जमीन, इकडे तिला एरी म्हणतात, पाटासारखी सपाट. बारा एकर हरभरा, नऊ एकर शाळू, बाकी करडई. वकीलसाहेब धारवाडचे. ही जमीन तीन कामांसाठी घेतली, असे ते सांगतात. पीक येईल, रविवारी घरच्यांना मोकळी हवा मिळेल आणि पाच वर्षांत भाव दुप्पट होईल. म्हणाले, बँकेत ठेवलेल्या पैशाला कधी घाटे धरलेले पाहिलेस का महेश?

राहायला शेताच्या मधोमध दगडी खोली आहे, वर पत्रा, पत्र्यावर सौर दिवा. दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत सहाशे चाळीस पावले. दोनदा मोजली.

जमीन ज्याच्या नावावर होती तो हुबळीत दुकान चालवतो. त्याचे वडील शेषगिरीअप्पा इथेच राहतात. आणखी चार दिवस थांबून मला सगळे दाखवून जाणार आहेत. फार मायाळू माणूस. मी पोचताच माझी ट्रंक स्वतः उचलायला लागले.

संध्याकाळी आईला फोन केला. अळनावरच्या बाजूला गावात ती एकटी असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस नुसता सावलीसारखा दिसतो. १३ फेब्रुवारीला धारवाडला शस्त्रक्रिया आहे, सकाळी साडेनऊला. तुझा हात धरून मीच नेईन, असे तिला पुन्हा सांगितले. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून चौकट केली.

२८ डिसेंबर, शनिवार

दिवसभर अप्पांबरोबर फिरलो. कुठे पाणी साचते, हरभऱ्याला अळी कोणत्या कोपऱ्यातून येते, सगळे लिहून घेतले. सूर्यास्त फारच मोठा दिसतो. आडवे येणारे झाडसुद्धा नाही.

खुरपणीला सात बायका येतात. मुकादम जनाअक्का, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. दुपारी सगळ्या जणी भाकऱ्या घेऊन रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जेवायला जातात. खोलीच्या सावलीत बसा म्हटले तर हसल्या. उन्हात सहाशे पावले जाऊन जेवायचे, याचे मला नवल वाटले.

अप्पा मात्र रस्त्याकडे फिरकत नाहीत. त्यांची तंबाखूसुद्धा जनाअक्का आणते. ती म्हणाली, अप्पांचे या जमिनीशी लग्न लागले आहे, बायको वारली तेव्हाही सवतीने घरी जाऊ दिले नाही. सगळ्या बायका हसल्या. अप्पा हसले नाहीत.

३० डिसेंबर, सोमवार

आज एळ्ळ अमावास्या. इकडे मालकाने शेतात चरग टाकायचा असतो. म्हणजे पुरणाचे कडबू, भाजी, भाकरी एकत्र कालवून, हुल्लुल्लिगो असे ओरडत चारी बाजूंना जमिनीला घास द्यायचे. वकीलसाहेबांना फोन केला तर म्हणाले, मला कोर्ट आहे, तूच टाक, तुझा हात आणि माझा हात वेगळा आहे का?

अन्न अप्पांनी पहाटेपासून स्वतः रांधले होते. पहिला घास तू टाक, तम्मा, असे म्हणून त्यांनी टोपली माझ्या हातात दिली. मी घास टाकला. माती भेगाळलेली होती, घास दिसेनासा झाला.

मागे पाहिले तर अप्पा चालू लागले होते. मी हाका मारल्या. ते अनवाणीच रस्त्यावर पोचले, डांबराला दोन्ही हात लावून बसले आणि मोठमोठ्याने रडले. मग बस आली. त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत.

जमीन सुटण्याचे दुःख काय असते ते आज पाहिले.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आज साबण आणायला निघालो. रस्त्यापर्यंत पावले मोजण्याची सवय लागली आहे. सातशे वीस झाली. परत येताना सहाशे चाळीस. बहुतेक जाताना आखूड पावले टाकली असतील.

५ जानेवारी, रविवार

जाताना अकराशे. चपलेला खूण करून, पाऊल मोजून टाकले. परत येताना सहाशे चाळीस.

वकीलसाहेबांना फोन केला. म्हणाले, तुला मी पीक मोजायला ठेवले आहे, पावले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

चार हजारांपर्यंत मोजले. रस्ता समोर होता. बस दिसत होती, खिडकीतल्या बाईची वेणीसुद्धा दिसत होती. मी चालत होतो आणि ती वेणी मोठी होत नव्हती. मागे वळलो तर खोली जवळच.

बायका माझ्या समोरून गप्पा मारत गेल्या आणि पाच मिनिटांत लिंबाखाली बसल्या.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. करडईला औषध मारायला ट्रॅक्टर आला होता. जाताना मी ट्रॉलीत बसलो. दोन्ही हातांनी कडेची पट्टी धरली. डोळे मिटले नाहीत. ट्रॅक्टर रस्त्याला लागला.

मी खोलीच्या दारात उभा होतो. तळहातांना पट्टीचा गंज लागलेला होता.

१६ जानेवारी, गुरुवार

जनाअक्काला विचारले. ती बांधापलीकडे रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलली. या जमिनीला जो आपल्या हाताने घास देतो, त्याला ती जाऊ देत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचा मिळाला की पहिल्याला सोडते. अप्पा एकोणीस वर्षे होते.

मला आधी का सांगितले नाहीस, असे मी ओरडलो. ती म्हणाली, एक वर्ष घास चुकला तेव्हा या जमिनीने तीन बायका ठेवून घेतल्या, त्यात माझी बहीण होती. कुणीतरी असावेच लागते, तम्मा. तू परका होतास. तुला आई आहे हे मला कुठे माहीत होते?

मग पदराने डोळे पुसले आणि उद्या पीठ किती आणू, ते विचारले.

२० जानेवारी, सोमवार

अप्पांच्या मुलाला फोन केला. म्हणाला, अप्पा घरात थांबतच नाहीत, दिवसभर दुर्गदबैलच्या गर्दीत चालत असतात, लोकांचे धक्के खातात आणि हसतात. फोन त्यांना द्या म्हटले. त्यांनी घेतला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वकीलसाहेब घरच्यांना घेऊन आले. खुर्च्या मांडल्या, शाळूचा हुरडा भाजला. ताटलीत खाल्ले, उष्टे पिशवीत भरले.

त्यांच्या पत्नी दीपश्रीवहिनींनी मला चरगाबद्दल विचारले. ऐकून त्यांना गंमत वाटली. मूठभर हुरडा घेतला आणि आपणही टाकू या म्हणाल्या. मी गप्प होतो. हे लिहायलाच हवे. त्यांनी हात वर नेईपर्यंत मी गप्प होतो. माझ्या मनात फक्त तेरा तारीख होती.

मग मी त्यांचे मनगट धरले. हुरडा माझ्या सदऱ्यावर सांडला, तो मी जमिनीवर पडू दिला नाही.

वकीलसाहेबांनी सगळ्यांसमोर मला नको ते बोलून घेतले. महिनाअखेरीस चालता हो, म्हणाले.

चालता हो म्हणाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगितले की कापणी आहे, येणे जमणार नाही, शेजारच्या रूपाताईंबरोबर जा. ती म्हणाली, तुझा आवाज आजाऱ्यासारखा येतो. नाही म्हटले. जेवतोस का, विचारले. हो म्हटले.

इकडे येऊ नकोस, असे तीनदा सांगितले. तीनदा सांगायला नको होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी १२

आईचा फोन रूपाताईंनी उचलला. आई फोन घरीच विसरून पहाटेच्या बसने निघाली आहे. बायकांना बस फुकट, कंडक्टर उतरवून देईल, म्हणाली म्हणे. टोपली घेऊन. त्याला रात्री धारवाडला घेऊनच येते, म्हणाली.

आज बायका कामाला नाहीत. गावात लग्न आहे.

१२.४०

बस थांबली. लाल लुगडे. आई बांधावर चढते आहे —

ओरडतो आहे. वारा तिच्याकडून माझ्याकडे. तिची हाक मला ऐकू येते. तिला माझी —

पळालो. नाही पोचत.

बसली. टोपलीचे फडके सोडले. ती कधीच आधी स्वतः खात नाही. शेतात बसली तर पहिला घास मातीला —

आई नको

१.१०

सहाशे चाळीस. पोचलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. किती वाळलास रे, म्हणाली. खूप हसली. मी तिचा हात घट्ट धरला आणि रस्त्यावर पाय ठेवला.

हात रिकामा.

ती तिकडे खोलीच्या दाराशी आहे. भिंत चाचपते आहे. माझे नाव घेते आहे.

१.३०

टोपली माझ्याजवळ आहे. दोन भाकऱ्या. बस सव्वादोनला.

बांधाच्या आत उभे राहून मी एक घास टाकला आहे. बाकीचे त्याआधीच रस्त्यापलीकडे कावळ्यांना घातले, म्हणजे तिच्या हाताला काही लागणार नाही. आता जाऊन तिला आणतो. तिच्या चालीने नऊशे पावले होतील. घास आजचाच आहे, बांधापर्यंत नेता येईल.

ही वही टोपलीत ठेवून टोपली बांधावरून डांबरावर सरकवतो. ज्याला मिळेल त्याने तिला बसमध्ये बसवावे आणि हे मोठ्याने वाचून दाखवावे, तिला वाचता येत नाही. नाव अनुसया. शस्त्रक्रिया उद्या साडेनऊला, धारवाड. कागद तिच्या कमरेच्या निळ्या पिशवीत असतात. दिसू लागले तरी इकडे यायचे नाही. आई, बांधावर माझा हात सुटेल. तेव्हा घाबरू नकोस, मागे वळून —