समोरच्याची पाटी

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस ताईचे अ. उ. आ.
(आशीर्वाद सवयीने लिहून गेले. आता खोडत नाही.)

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू आधी रडतेस आणि मग घरात मीच वाईट ठरते. कागदावर तुझं रडणं मला ऐकू येणार नाही आणि माझा चढलेला आवाज तुला.

काल सकाळी आपलं चष्म्याचं दुकान उघडायला गेले तर पलीकडच्या फुटपाथवर शिडी लावलेली. समोरच्याच्या चष्म्याच्या दुकानावर नवी पाटी चढत होती. गडद निळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं आणि कडेला दोन काचांचा तो आकार. बसथांब्यावरची माणसं माना वळवून बघत होती. मी मनात म्हटलं, असू दे, पैसा बोलतोय. संध्याकाळी व्यापारी संघाच्या बैठकीत तो मुद्दाम माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की या पाटीचं श्रेय तुमच्याच घराला आहे, तुमच्या भावजयीच्या हातची आहे. मेडिकलवाला हसला. लाँड्रीवाला हसला. माझा चहा कपातच निवला.

त्या माणसाचं नाव आपल्या घरात कुणी घेत नाही, हे तुला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बाबांनी त्याला पोरासारखं जवळ केलं, काच घासायला शिकवलं. आठ वर्षांपूर्वी बाबांचा डावा हात लुळा पडला त्याच महिन्यात तो आपला सगळ्यात चांगला कारागीर फोडून रस्त्यापलीकडे गेला. आणि तू गेल्या महिन्यात चार दिवस आजारी सासऱ्यांना बघायला म्हणून आलीस, त्यातला एक दिवस तिकडे काम मिळवायला घालवलास. घरभेदी हा शब्द लिहायचा नाही असं ठरवून बसले होते. लिहिला.

बाबा रोज दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर आता दिवसभर तुझी कलाकुसर आहे. कुणाची ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

भावाला आशीर्वाद. तुला उत्तर सुचलं तर कळवणे.

तुझी नणंद


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

रडले नाही. पत्र दोनदा वाचलं, तुमच्या भावालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, की दोघींनी त्याला यातून वगळावं. वगळला.

रस्ता मी माझ्या पायांनी ओलांडला. कुणी हाताला धरून नेलं नाही. पण त्याआधीचं तुम्ही गाळलंत, ते मी लिहिते.

हिशेबाची नोकरी सोडून मी डिझाइन शिकले तेव्हा तिशीनंतर रंगपेटी कोण हातात घेतं, असं तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत. ठीक आहे. शिकून झाल्यावर कळलं, की काम येणं सोपं, काम मिळवणं कठीण. टायरच्या दुकानावरच्या खोलीत एक टेबल भाड्याने घेतलं. कार्डं छापली. छोट्या व्यावसायिकांचे सकाळचे मेळावे असतात, तिथे जाऊ लागले. प्रत्येकाने उभं राहून आपलं काम सांगायचं आणि मग एकमेकांना कार्डं वाटायची. पहिल्याच मेळाव्यात तीन विमावाले भेटले आणि तिघांनीही माझाच विमा काढायचा प्रयत्न केला. एका दंतवैद्यांनी नमुने म्हणून लोगो करून घेतले आणि शेवटी पुतण्याने केलेला लावला. व्यायामशाळेच्या मालकाने पैशांऐवजी महिनाभर वजनं उचलायला बोलावलं. जो तो म्हणे, आधी कुणाचं केलंय ते दाखवा. आधी कुणी दिलंच नव्हतं, तर दाखवू काय?

म्हणून तुमच्याकडे आले. बाबांना बघायला तर आलेच होते, पण पाटीची तीन चित्रंही घेऊन आले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही त्यांवर फ्रेमचा खोका ठेवलात आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणालात, की आमच्या वहिनीला चित्रकलेचा नाद आहे, वेळ बरा जातो तिचा. पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं. पण पिकलेलं तिथेच तुडवतात, हे नव्हतं.

तिथून निघाले ती सरळ समोर गेले. त्याने खुर्ची दिली, कागद हातात घेऊन पाहिले, प्रश्न विचारले आणि काम दिलं. माझं पहिलं काम. त्याच्या ओळखीने मेडिकलवाल्याचं आणि लाँड्रीवाल्याचंही ठरलं आहे.

आणि त्या दिवशी गिळलेलं एक वाक्य आज लिहून टाकते. आपलं दुकान चष्म्याचं, पण पाटी अशी, की चष्मा लावूनही वाचता येत नाही.

बाबांना नमस्कार. तुम्हालाही, रीत म्हणून.

तुमची भावजय


दि. २१ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद या खेपेला राहू देत.

ती पाटी बाबांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती, तुझा नवरा शाळेत होता तेव्हा. वाचता येत नाही म्हणतेस. इतकी वर्षं गावाला येत होती.

काल बैठकीत लाँड्रीवाला म्हणाला, की तुमची भावजय हुशार आहे हो. मी म्हटलं, आहेच, परदेशातल्या दुकानाची पाटी उचलून इथे लावायची तर हुशारी लागणारच. मेडिकलवाल्याने विचारलं, की खरंच का? मी म्हटलं, घरचं माणूस आहे, आणखी काय बोलू.

समोरच्याने तुला खुर्ची दिली याचं तुला फार अप्रूप. आधी कारागीर नेला, आता सून नेली. तुझी चित्रं त्याने पाहिली की तुझं आडनाव, एवढं एकदा शांत डोक्याने बघ.

ताई


दि. ३ मार्च

ताईंना नमस्कार.

मेडिकलवाल्यांनी काम थांबवलं. फोनवर गोड बोलले, की घाई नाही, बघू, सध्या हात आखडता आहे. लाँड्रीवाले निदान स्पष्ट बोलले. चोरीचा माल दारावर लावून उद्या कुणी दावा ठोकला तर कोण निस्तरणार, असं त्यांनी विचारलं. चोरीचा माल हे कुणी सांगितलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, तुमच्या घरातूनच कळलं.

तो दोन काचांचा आकार जमेना म्हणून मी एक अख्खी वही भरून काढत बसले होते. बोटाला घट्टा पडलाय. तुम्ही परदेशातलं दुकान कोणतं पाहिलंत? त्याचं नाव कळवा. गाव कळवा. तुम्ही तर या रस्त्याबाहेरचं दुकान पाहिल्याला किती वर्षं झाली, ते बाबांनाच विचारावं लागेल.

नोकरीत चुकलं तर साहेब ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. माझ्या कामात नाव गेलं की सगळं गेलं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला निदान संधी असते. ज्याला चोर म्हणून ओळखतात त्याला तीही नाही.

ज्या बैठकीत बोललात त्याच बैठकीत, त्याच माणसांसमोर ते मागे घ्या. तोवर मी त्या घराची पायरी चढणार नाही. तुमचा भाऊ एकटा येईल. ढोलकीसारखा दोन्हीकडून मार खातोय बिचारा.

भावजय


दि. १२ मार्च

मागे घ्यायचं म्हणतेस? आता ऐक.

समोरच्याच्या काचेवर परवापासून माणसाएवढं पोस्टर लागलंय. त्यावर आपल्या पाटीचा फोटो, मुद्दाम धूसर केलेला. खाली लिहिलंय, ‘चष्मा लावूनही वाचता येत नाही? समोर या.’ शाळेची पोरं थांबून मोठ्याने वाचतात आणि आपल्या दुकानाकडे बघून खिदळतात.

वाक्य ओळखलंस ना? तूच मला लिहिलंस, पत्र माझ्यापुढे आहे. आता तुझं काम नाही असं सांगू नकोस.

पहिल्याच संध्याकाळी बाबा दुकानातल्या कारागिराला म्हणाले, की खुर्ची आत घे. हात गेला तेव्हाही ते दारातून हलले नव्हते. आता आत काउंटरच्या मागे बसतात, भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाईक आलं तरी वळत नाहीत.

तुला क्लायंट हवे होते. मिळाला. लखलाभ.


दि. १८ मार्च

ताई,

वाक्य माझं आहे. तुमच्या मागच्या खोलीतून रागाने फणफणत त्याच्याकडे गेले तेव्हा त्याच्यासमोर बोलून गेले होते. नवं गिऱ्हाईक हसावं म्हणून माणूस काहीही बोलतो. ते तोंडातून गेलं, आता गिळता येत नाही.

पोस्टर माझं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याने मला त्याच्या दुकानावरच्या खोलीत बोलावलं. कॉफी मागवली. मोबाइलमधला तुमच्या पाटीचा फोटो दाखवला आणि काय हवं ते सांगितलं. हे करून दिलं, तर फ्रेमच्या मोठ्या व्यापाऱ्याशी गाठ घालून देतो म्हणाला. त्या व्यापाऱ्याची बऱ्याच शहरांत दुकानं आहेत. ताई, असा एक माणूस भेटावा म्हणून मी वर्षभर मेळाव्यांत उभी राहून माझं काम सांगत होते. कॉफी तशीच ठेवून मी नाही म्हटलं.

तो चिडला नाही. हसला. म्हणाला, की बाई, तुमच्यासारखं काम करणारे गल्लोगल्ली आहेत, मी तुमच्याकडून पाटी घेतली ती तुमच्या सासऱ्यांनी रोज बघावी म्हणून.

तुम्ही आडनावाचं लिहिलं होतंत, ते बरोबर निघालं. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली होती आणि मला वाटत होतं, की माझा खांदाच त्याला आवडला. हे तुम्हाला लिहिताना मला फार जड जातंय. मागच्या पत्रात म्हणूनच लिहिलं नाही. तुमचा हसरा चेहरा दिसत होता.

विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. पोस्टर चौकापलीकडच्या छपाईवाल्याकडेच छापलं असणार, समोरच्याची सगळी छपाई तिथेच होते, त्याला विचारा. माझ्यावर हवा तेवढा राग धरा, पण बाबांना भिंतीकडे तोंड करून बसू देऊ नका.

भावजय


दि. २ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,

छपाईवाल्याकडे गेले होते. तुझी बाजू घ्यायला नाही, तुला खोटं पाडायला. त्याने यंत्र थांबवून सांगितलं, की पोस्टर त्याच्या भाच्याने केलं, कारण आधीच्या बाईने नकार दिला होता, आणि त्या बाईच्या नावाने समोरच्याने छापखान्यात उभं राहून शिव्या घातल्या. कोणत्या, तेही सांगत होता. मी नको म्हटलं.

काल बैठक होती. पार्किंगचा विषय संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, की वहिनीचं काम चोरीचं आहे असं मी बोलले होते, तशी कोणतीही पाटी मी कुठेही पाहिलेली नाही, रागाने बोलले, आणि पोस्टर करायला तिने नकार दिलाय. समोरचा म्हणाला, घरचे घरच्यांचीच तळी उचलणार. मी म्हटलं, तिची तळी उचलणारी मी या रस्त्यावरची शेवटची बाई आहे, म्हणूनच माझं खरं माना. त्यावर कुणी हसलं नाही. मेडिकलवाल्याने तुझा नंबर पुन्हा मागून घेतला.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. खोटं बोलून बसले होते आणि झोप येत नव्हती. तुझं समोर जाणं मी विसरलेले नाही, ते वाक्यही नाही.

बाबांना सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. मग खुर्ची वळवून घेतली, रस्त्यापलीकडे पाहिलं आणि म्हणाले, की पोस्टर हलकट आहे, पण पाटी चांगली आहे, अक्षरांत अंतर बरोबर सोडलंय. मला इतका राग आला म्हणून सांगू! आठ वर्षांत त्यांच्या तोंडून तिकडच्या कशाबद्दल पहिल्यांदा बरा शब्द निघाला आणि तो तुझ्यामुळे.

आपली पाटी मी तुला देणार नाही. एका पेंटरला सांगितलंय.

ताई


दि. ११ एप्रिल

ती. ताईंना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बैठकीत उभं राहणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मी समजू शकते. तरी आभार लिहिणार नाही. माझ्या अंगावरचा चिखल तुम्हीच उडवला होतात, तुम्हीच पुसलात. डाग अजून दिसतो. मेडिकलवाल्यांचं काम घेतलं, कारण ते माझंच होतं. लाँड्रीवाल्यांचा फोन आला नाही, येणारही नाही.

आपली पाटी पेंटरला दिलीत ते बरंच केलंत. तुम्ही दिली असती तर मी नाही म्हटलं असतं आणि मग आणखी चार पत्रं लिहावी लागली असती.

एक बातमी आहे. तुम्हाला म्हणून नाही, बाबांना वाचून दाखवा. गेल्या आठवड्यात सायकलचा ब्रेक दुरुस्त करायला गेले होते. दुकान एका बाईचं आहे, हात कोपरापर्यंत काळे. ती पुठ्ठ्यावर काहीतरी लिहायच्या खटपटीत होती, अक्षरं कडेला येऊन चेंगरत होती. मी तिच्या हातातून खडू घेतला आणि जागा कशी सोडायची ते दाखवलं. तिने विचारलं, की हेच काम करता का? मी हो म्हटलं. मग किती दिवस लागतील आणि किती घ्याल, एवढंच विचारलं. कुणाची कोण, कुणाच्या ओळखीने आले, आधी कुणाचं केलंय, काही नाही. घरी येईपर्यंत सायकल हातात धरून चालत आले. बसायचं सुचलंच नाही.

रविवारी बाबांना बघायला येणार आहे, तुमच्या भावाबरोबर. त्या घराची पायरी चढणार नाही म्हटलं होतं, पण तुम्ही बोललेलं मागे घेतलंत, तेव्हा मलाही घ्यावं लागतंय. बोलणं जमलं तर बोलू. नाही जमलं, तर तुम्ही काउंटरला बसा, मी बाबांपाशी बसेन.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी मागत नाही. आलाच तर परत पाठवणार नाही.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
ग्राफिक डिझायनर