धुलाईघराचं मागचं दार

ता. ४ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

ताईचे अ. आ. खुशाली मागाहून लिहिते, आधी तुझ्या नवऱ्याचं ऐक.

काल पुन्हा हरलो. सहा-शून्य. नऊ सामने, आठ पराभव, आणि नववा पावसाने धुतला म्हणून वाचला. तो आमच्या कॉलेजच्या हॉकी संघाचा कोच झाला तेव्हा मी धुलाईघरभर मिरवले होते. आता कोणी विचारलं तर नातं सांगत नाही. संघाचे कपडे मी धुते, मला कोणी शिकवू नये. कप्तानाचा शर्ट सामन्यानंतर येतो तो कोरडा, इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते. बाकीच्यांचे पिळले तर बादली भरेल. हे तुझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं, तर म्हणाला की तो डोक्याने खेळतो. मग डोकं पाठव म्हटलं धुवायला.

सामन्याला माझ्या शेजारी तो सुतार बसतो, पंधरा वर्षांचा सोबती. काल त्याने खुर्ची उखडून मैदानात भिरकावली. मी अडवलं नाही. दुसरी हलवून सैल करून दिली.

सासूबाईंची पाठ कशी आहे? माझ्यावर लोभ ठेव आणि नवऱ्याला राजीनामा द्यायला लाव.

तुझी ताई


ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या पत्राला हसणार होते, तेवढ्यात यांचं पत्र आलं. यांच्या खोलीच्या काचा फोडल्या. वीट उशीवर पडली. हे पाणी प्यायला उठले होते म्हणून डोकं वाचलं.

मला हलता येत नाही ग. सासूबाईंना कूस बदलायलाही मी लागते. तू तिथे आहेस एवढाच धीर. सामना संपला की यांना तुझ्या धुलाईघराच्या मागच्या दाराने बाहेर काढत जा. किल्ली वॉचमनकडे असते, त्याला हे सांगून ठेवतील. तुम्हा तिघांशिवाय कोणाला कळू देऊ नकोस. आणि शिव्या जरा आवर. तू सुरू झालीस की बाकीच्यांना चेव येतो, असं हेच लिहितात.

तुझ्या मायेवर सगळं सोडलंय.

तुझी धाकटी


ता. २३ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

अ. आ. तो जिवंत आहे. हे वाच, खाली बस, मग पुढचं वाच.

काल सात-शून्य. लोकांनी गुणफलक पाडला, बाकडी पेटवली. मी धुलाईघरात पोचले तर मागच्या दाराबाहेर पाच जण आणि मध्ये तुझा नवरा. पाचांच्या हातात आपल्याच संघाच्या स्टिका. एक जबड्यावर बसली, फळी फुटावी तसा आवाज झाला. सुतार त्याच्या छातीवर बसून तोंडात माती कोंबत होता. मी चालू इस्त्री वायरीसकट उपटली आणि सुताराच्या पाठीवर टेकवली. टेकवून दाबून धरली. शर्ट निघाला तो कातडं घेऊन. त्याची किंकाळी ऐकून बाकीचे पळाले.

जबडा तारेने बांधलाय. उद्याच्या गाडीने कॉलेजचा माणूस त्याला तुझ्याकडे पोचवेल. पातळ काहीतरी नळीने पाज. जास्त लिहवत नाही.

ताई


ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न., आणि खरोखर तुझे पाय धरते. तू नसतीस तर मला काय पोचवलं असतं, ते मनात आणवत नाही.

हे कागदावर लिहून बोलतात. पहिलं वाक्य लिहिलं ते, वॉचमनने दाराचं गुपित फोडलं. दुसरं कोणाला ठाऊकच नव्हतं. संघातल्या पोरांनी म्हणे त्याची बोटं दाराच्या फटीत घालून दार आपटलं, तीन मोडली. एरवी मला कळवळा आला असता. आला नाही.

सोमवारी ऑफिसात त्याला कामावरून काढायची बैठक आहे. तू साक्षीला उभी राहा. तुझ्यासारखं ठणकावून सांगणारं दुसरं कोणी नाही. यांचा आणि माझा तुझ्यावरचा जीव तुला ठाऊकच आहे.

तुझी धाकटी


ता. २ डिसेंबर

धाकटे,

आशीर्वाद मुद्दाम लिहिले नाहीत. पुढचं नवऱ्यालाही वाचून दाखव.

काल ऑफिसात ठणकावून सांगितलं. दाराचं गुपित मी फोडलं. सातवा गोल बसला, तेव्हा सुतार दात खात म्हणाला की कोच पळतो तरी कुठून ते बघायचंय, आणि मी सांगून टाकलं. रागात सांगितलं, पण चुकून नाही. वाटलं, तुझा नवरा दोन थोबाडीत खाईल आणि ताळ्यावर येईल. स्टिका घेऊन जातील हे मला कळायला हवं होतं, इतकी वर्षं त्यांच्यातच बसते. वॉचमनने कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता.

तो समोरच बसला होता, हाताला हे एवढं बँडेज. माझं बोलणं संपल्यावर उठला आणि धड हाताने माझ्या कानाखाली जाळ काढला. मी खुर्चीसकट आडवी झाले. साहेब लोक खिडकीबाहेर बघत राहिले. बरोबरच केलं त्यांनी. त्याला कामावर ठेवलं, मला काढलं.

कप्तानाला बाहेर बसवायला हवं होतं, हे मात्र मी अजून म्हणते.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. सासूबाईंना उचलायला माझ्या मनगटात जोर आहे, तेवढं काम दे. त्याआधी तुला मारायचं असेल तर मार. फक्त डाव्या कानावर नको, त्यातून रक्त येतंय.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी मागत नाही.

ताई