कारणाचा रकाना

प्रिय आलिया,

तू लातूरहून गादी-ट्रंक घेऊन परत आलीस हे मला मंगळवारी कळलं, आणि आज शुक्रवार झाला तरी मी तुमच्या घरापर्यंत पोचले नाही. शाळेपासून दोन गल्ल्या, पण पाय उचलत नाही. म्हणून हे पत्र. हसू नकोस, एवढं सगळं मोबाईलवर टाइप करायला माझं बोट चालत नाही.

काल तुझे अब्बा शाळेत आले होते. मुदखेडच्या कामावरून थेट, हाताला सिमेंट तसंच. सायन्स सोडून आर्ट्सला जायचा तुझा फॉर्म त्यांनी टेबलावर ठेवला. सोमवारी कॉलेजात द्यायचाय म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणून राहिली, मला गणित येतच न्हाई. मंग तीन वर्षं तुम्ही कसं म्हणत होता, लई हुशार हाय म्हणून?" रागानं नव्हतं गं ते. खरंच विचारत होते. मी चहा मागवला.

ते गेल्यावर आपले शनिवार आठवत बसले. गणितातला शब्द पाठ करायचा नाही, त्याची वस्तू घरून आणायची, हा माझा नियम. ऋतुजानं त्रिज्या म्हणून सायकलच्या चाकाची तार आणली होती. शिवप्रसाद व्यस्त प्रमाणासाठी एकच भाकरी घेऊन आला आणि खाणारे वाढले की वाटा कसा घटतो ते दाखवता दाखवता स्वतःच उपाशी राहिला. आणि तू लंब या शब्दासाठी अब्बांचा, भिंत सरळ उभी आहे का बघायचा ओळंबा आणलास, न विचारता. तिकडं त्यांची भिंत अडली. शोधत शोधत ते वर्गाच्या दारात आले, खिडकीच्या गजाला टांगलेला ओळंबा पाहिला, आणि राहू द्या मॅडम, मी दुसरा घेतो म्हणाले. तो अजून माझ्या कपाटात आहे.

अकरावीला लातूरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तू फोन केलास. सर भराभर इंग्रजीत सांगतात, मोबाईलवर शब्द सापडेपर्यंत फळा पुसलेला असतो म्हणालीस. शब्दांची यादी मागितलीस. पाठवते म्हटलं आणि पाठवली नाही. कामाचं निमित्त सांगणार नाही. बसले होते करायला, चौदा शब्दांवर अडले. त्यातल्या निम्म्यांचा उच्चारसुद्धा मला धड येईना. नंतर तुझे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

तुला माहीत नाही ते सांगते. तुम्ही आठवीत आलात तेव्हा हेडमास्तर साहेबराव सरांनी पालकसभा बोलावली होती. गणित-विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी, सुरू करायचं का, एवढाच विषय. बहुतेकांना हवं होतं. मी उभी राहिले आणि गणित आपल्या भाषेतच रुजतं यावर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. पहिली टाळी तुझ्या अब्बांची. बोलले ते खोटं नव्हतं, आजही तेच म्हणेन. पण बोलले ते भीतीपोटी. आदल्या दिवशी आठवीचं इंग्रजी पुस्तक मी स्टाफरूममध्ये उघडून बघितलं आणि मिटून ठेवलं. अगं, मी स्वतः नांदेडला बी.एस्सी.ला शेवटच्या बाकावर मुकी बसत होते. गाइडं घोकून पास झाले. ते तुम्हा पोरांपुढं उघडं पडू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच माझा हिशेब. निदान मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायला काय हरकत होती? तेवढं जमलं असतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक होतं, तुला नव्हतं. याची मला फार लाज वाटते आलिया.

आता पत्राचं कारण. त्या फॉर्मवर 'बदलाचे कारण' असा एक रकाना आहे. त्यात तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'मला गणित येत नाही.' ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. सोमवारपर्यंत मी तुला इंग्रजी शिकवू शकत नाही. सायन्सलाच राहा, असं म्हणायचा तर मला हक्कच उरला नाही. यादी अजून चौदा शब्दांचीच आहे, ती सोबत ठेवलीय. सातवा शब्द परपेंडिक्युलर. त्याच्यापुढं मी लिहिलंय, अब्बांचा ओळंबा. फॉर्म द्यायचाच असेल तर दे, बेटा. पण ते वाक्य खोड. तिथं लिही, आमच्या मॅडमला इंग्रजी येत नव्हतं. खाली सही लागली तर मी करते.

तुझीच,
सिंधु मॅडम