बर्फात घातलेली लस

१ डिसेंबर, सोमवार
आज मासळी लावली नाही. मार्गशीर्षात सोमवारी कोण खातंय. ह्यांना घेऊन खोपोलीला डॉ.कडे. टाके सुकले. टेंपो उलटला तेव्हा स्टेअरिंग पोटात घुसून पानथरी (स्प्लीन) फुटली, ती काढूनच टाकली, एवढं माहीत होतं. ती असते कशाला ते आज कळलं. डॉ.बाई म्हणाल्या, रक्तातले जंतू गाळायची ती. आता साधा वाटणारा ताप आला तरी एका दिवसात माणूस जाऊ शकतो. म्हणून लशी घ्यायच्या.
"लहान पोरांना देतात त्या?"
"त्यातल्याच काही, मावशी."
हे हसले. मी नाही. मुठीएवढा तुकडा, आजवर कोणी त्याचं नाव घेतलं नाही, आणि पन्नास वर्षं हा माणूस त्याच्या जिवावर.

३ डिसें.
शिळफाट्याच्या मेडिकलातून पहिली लस आणली. डॉ.बाई उद्या बसणार. दुकानदार म्हणाला, थंड ठेवा, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. थंड ठेवायचं मला कोणी शिकवू नये. मासळीच्या पेटीत बर्फ फोडला, वर खडेमीठ मारलं, म्हणजे गारठा कडक धरतो. मधोमध डबी.

४ डिसें.
डॉ.बाईंनी सिरिंज उजेडात धरली, हलवली. आत कण्या, नासल्या दुधासारख्या.
"मावशी, गोठवलीत का?"
सांगितलं, मीठ घालून ठेवली. मग म्हणाल्या, थंड हवी, पण गोठली की मेली. टोचून उपयोग नाही. दुसरी पनवेलहून येईल, सोमवारी. तोवर गर्दीत नेऊ नका, आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही.
रिक्षात हे म्हणाले, "आता मलाच घाल बर्फात, बोंबलाच्या शेजारी."
"घातलं असतं. मावत नाय तुमी."
सोमवारपर्यंत असंच उघडं अंग. माझ्यामुळे.

५ डिसें.
म्हातारीला सांगितलं. वाटलं, सासू आहे, बोलणार. तिनं बाही वर करून दंडावरचा वण दाखवला.
"देवी टोचणारा आला तवा बानं आमाला रानात लपवलं गं. मी खोकले न् सापडले. धाकटी नाय सापडली. देवीत गेली ती."
वणाला हात लावून बघितला. रुपयाएवढा. एवढ्याशा टोचण्यावर म्हातारी उभी आहे. तिचा लेक, माझा संसार, सगळं त्याच्यानंतरचं.

८ डिसें., सोमवार
टोचली. विचारलं, आत असतं काय?
"जंतूच्या अंगावरचं साल, मावशी. जंतू नाही. अंग ते साल ओळखायला शिकतं. खरा आला की धरतं."
किती दिवसांत? दोन आठवडे तरी.
खवलं बघून मी मासा सांगते. ते शिकायला मला वर्षं गेली, आईच्या शिव्या खाऊन. ह्यांचं अंग थेंबभर पाण्यावरून शिकणार, हे टीव्ही बघत असताना, ह्यांना न विचारता. दुपारभर ह्यांच्याकडेच बघत बसले.
"काय बघतीस गं?"
"काय नाय. टीव्ही बघा."

९ डिसें.
सकाळी अंग गरम. हे म्हणाले, टोचल्याचा असेल, पडतो जरा. म्हातारीचं पण तेच म्हणणं. मी म्हटलं, उठा. ह्यांच्या शर्टाची बटणं लावायला पण थांबले नाही, तसंच रिक्षात घातलं.
डॉ.बाईंनी रक्त घेतलं आणि लगेच सलाइनमधून औषध सुरू केलं. म्हणाल्या, "टोचल्याचाही असेल, खऱ्या जंतूचाही असेल. बाहेरून सारखाच दिसतो." रिपोर्ट यायचाय.
हे झोपलेत. बाजूला बसून लिहिते. कपाळ तापलेलं, श्वास बरा. आत एवढं मोठं काहीतरी चाललंय, आणि आवाज म्हणून नाही.