प्लास्टिकवरची पाटी

४ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तू किरणांच्या यंत्रावर काम करतेस हे आईने जेवताना सांगितले आणि मी ताटावरून उठून हे पत्रच लिहायला घेतले. आणि हे सगळे कशासाठी, तर प्लास्टिकच्या फिल्मसाठी! जन्मभर पाट्या रंगवल्या. लाकडाने ऐकले, पत्र्याने ऐकले, पण या मेल्या प्लास्टिकवर माझा रंग कधी टिकला नाही. नख लावले की सालपट निघते. त्याच्यापायी जिवाशी खेळ नको. महिनाअखेर राजीनामा देऊन घरी ये. आईने तुझी खोली झाडायला घेतली आहे.

काळजीत असलेले, पण तुझेच,
बाबा

११ जून

ति. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आले. अहो, किरण जाड भिंतीआड असतात, मी बाहेर बसते. फिल्म बाहेर आली की तीही निरुपद्रवी, अंधारात चमकतबिमकत नाही. किरणांमुळे तिला पकड येते आणि द्रावणातले सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, तिला कायमचे जोडले जातात. मग तिच्यावर पाणी पसरते, रंगही धरतो.

आधी फजितीच झाली. मोनोमर फिल्मकडे ढुंकूनही न बघता आपसातच जुळायचे आणि बाटलीत नुसती जेली! अगदी आपल्या मावश्या. येतात आईला भेटायला आणि बोलत बसतात एकमेकींशी. चिमूटभर लोखंडाचा क्षार घातला, तेव्हा कुठे त्यांची गट्टी फुटली आणि ते फिल्मला जोडले गेले.

सोबत त्या फिल्मचा वीतभर तुकडा पाठवते. त्यावर तुमच्या रंगाने काहीही लिहा. सुटला तर मी सामान बांधते. टिकला तर राजीनाम्याचे नाव काढायचे नाही. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
ठकी

२५ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

तुकडा मी चिमट्याने उचलून गच्चीत ठेवला होता. आईने हसत हसत तो हाताने आणून माझ्यापुढे टाकला. रंगवला, वाळवला, नखाने खरवडला, बादलीत बुडवला, फडक्याने घासला. खोटे कशाला बोलू, रंग सुटावा असेच मला वाटत होते. तुझ्यावाचून घर खायला उठते. पण सुटला नाही, मेला!

शब्द तो शब्द. तुकडा फळीवर ताणून परत पाठवतो आहे. काय लिहावे सुचेना, म्हणून तुझेच नाव घातले. तिकडच्या दाराला लाव, आम्ही आलो की शोधत फिरायला नको. कोपऱ्यात रंगाऱ्याची सही केली आहे. प्लास्टिकवर टिकलेली माझी पहिलीच.

आईचा आणि माझा जीव तुझ्यापाशीच आहे.
बाबा