नानांची उपेक्खा

रविवार, संध्याकाळ. धुळे.

सपनाने दुसऱ्याच्या नावाची साखरपुड्याची अंगठी घातली तिथेच माझं सगळं संपलं. मी मांडवात घुसून तिच्या भावाची कॉलर धरली. सगळे बघत होते. तिने एकदाही बघितलं नाही.

नंतर बुद्धविहारात पाली शिकवणारे नाना म्हणाले, "कालेज तर सोडंच तू, आते डोकंबी सोडं का? उपेक्खा शिक."

"तिने केली तेवढी उपेक्षा पुरे, नाना."

"येड्या, पालीत त्याचा अर्थ समतोल मन. उप म्हणजे जवळ, इक्ख म्हणजे बघणं. जवळून बघ, पण भडकू नको."

मग मराठीत त्याचं ढुंकूनही न बघणं कसं झालं?

तिने बघितलं नाही... मी तरी बघितलं का? आता आठवतंय, तिचा अंगठीचा हात थरथरत होता. मला घाबरून.

घराखाली माझा मित्र बंटी हॉर्न वाजवतोय. तिच्या घरी राडा करायला मीच बोलावलंय त्याला. परत पाठवतो. दार ओढून घेतो, तेच सांगायला खाली निघतो.